मार्चएंड आणि आठवा महिना

बाळंतपणाची रजा सहा महिन्यांची असते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती नेमकी कुठल्या दिवसापासून लावायची, हे मात्र जिचं तिनं ठरवायचं. ठरवायला बसलं की कळतं, हा प्रश्न जितका प्रकृतीचा तितकाच वजाबाकीचा आहे.

माझी तारीख होती २ मे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, सात दिवस मिळवायचे, तीन महिने मागे यायचं. एकूण २८० दिवस. आपल्याकडच्या म्हाताऱ्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात, तेही तिथंच जाऊन पोचतं. पण अगदी त्या तारखेला जन्माला येणारी बाळं शंभरात चार-पाचच. बाकीची त्याच्या अलीकडे नाही तर पलीकडे. म्हणजे ज्या तारखेवर सगळं गणित मांडायचं, ती तारीखच मुळात अंदाजाची.

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा २०१७ मध्ये सुधारला गेला आणि पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांची रजा २६ आठवड्यांची झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. राज्य सरकारी बायकांना १८० दिवस. आम्हा बँकवाल्यांचे नियम वेगळे, पण रजा तेवढीच, सहा महिने. तर माझा हिशेब असा. आठ आठवडे आधी म्हणजे ७ मार्चला रजा लावली, तर ती सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपणार. तेव्हा बाळ चार महिन्यांचं. शेवटच्या दिवसापर्यंत काम केलं, तर रजा ऑक्टोबरच्या अखेरीला संपणार, बाळ सहा महिन्यांचं. आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे तर दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं. आधीचा प्रत्येक आठवडा आराम केला की पुढचा एक आठवडा बाळाच्या वाट्याचा गेला. एकाच डब्यातलं धान्य, आईनं खाल्लं की लेकराला कमी. ही वाटणी मला तेव्हाही अन्यायाची वाटली आणि आजही वाटते. हा लेख त्यासाठीच लिहितेय.

आता माझं रोजचं सांगते. घर जळगावला, शाखा अमळनेर तालुक्यातल्या एका गावात. सकाळी सुरतकडची गाडी पकडायची, पाळधी, धरणगाव करत अमळनेरला उतरायचं आणि पुढे रिक्षा. संध्याकाळी तेच उलट. आमच्याकडे याला अपडाउन म्हणतात आणि खान्देशातली निम्मी नोकरदार माणसं आयुष्यभर अपडाउनच करतात. शिक्षक, तलाठी, नर्सबाई, आम्ही. गाडीत बसायला जागा मिळायची, कारण रोजच्या बायकांनी खिडकीजवळची एक जागा माझ्या नावावर करून टाकली होती. कोणी वरण-बट्टी आणायचं, कोणी कळण्याची भाकरी आणि ठेचा. मला तिखट नको म्हणून एकजण माझ्यासाठी वेगळं लोणी आणायची. त्या डब्यातल्या बायकांनी मला जेवढं सांभाळलं तेवढं कुठल्याच परिपत्रकानं सांभाळलं नाही.

गाडीचा त्रास नव्हता. त्रास होता शेवटच्या चार-पाच किलोमीटरच्या रिक्षेचा. आठव्या महिन्यात रस्त्यावरचा एकेक खड्डा आधी पोटाला कळतो. डॉक्टरबाईंना विचारलं, काम कधीपर्यंत करू? त्यांनी रक्तदाब पाहिला, पायाला अंगठ्यानं दाबून सूज पाहिली आणि म्हणाल्या, “बसून काम आहे, सगळं नॉर्मल आहे, काम करायला माझी हरकत नाही. पण तुम्ही मला कामाचं विचारताय. प्रवासाचं कोण विचारणार? आणि पाणी किती पिता?”

पाण्याचं त्यांनी बरोबर ओळखलं. शाखेतलं स्वच्छतागृह मागच्या अंगणात, वाळूवरून चालत जायचं, कडी तुटलेली, उन्हाळ्यात टाकीत पाणी असेलच असं नाही. अशा ठिकाणी बायका काय करतात? पाणीच पीत नाहीत. गरोदरपणात लघवीचा जंतुसंसर्ग लवकर होतो आणि तो दुर्लक्षला तर मुदतीआधी कळा सुरू होऊ शकतात. मार्च-एप्रिलमध्ये खान्देशात पारा चाळिशी ओलांडतो, भुसावळ-जळगावला मे महिन्यात पंचेचाळीस नवीन नाही. त्या उन्हात दिवसभर दोन ग्लास पाण्यावर काढणं हे धाडस नव्हे, धोका आहे. कामाच्या ठिकाणी गरोदर बाईला सगळ्यात आधी काय द्यायचं असेल तर आतून नीट लागणारी कडी आणि बादलीभर पाणी. मी साहेबांना तसं लेखी दिलं. कडी आठवडाभरात बसली. तोंडी मी महिनाभर सांगत होते.

मार्चएंड म्हणजे काय असतं हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगायला नको. पीककर्जाचा भरणा ३१ मार्चच्या आत झाला की व्याजाची सवलत मिळते, म्हणून सगळं गाव एकाच पंधरवड्यात बँकेत येतं. कर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं, याला आमच्याकडे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. कापूस विकून आलेले पैसे, केळीच्या व्यापाऱ्याकडून उचललेले पैसे, मेहुण्याकडून आठ दिवसांच्या बोलीवर आणलेले पैसे. काउंटरवर नोटांच्या गड्ड्या आणि त्यामागे घामेजलेले चेहरे. सहा माणसांची शाखा, त्यात एक जागा रिकामी. आणि स्ट्राँगरूमच्या दोन चाव्यांपैकी एक माझ्याकडे. सकाळी दोघांनी मिळून उघडायची, संध्याकाळी दोघांनी मिळून लावायची. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावावर ती चावी रजिस्टरला चढेपर्यंत मी कुठं हलू शकत नव्हते. माझ्या जागी माणूस द्या म्हणून वर कळवलं होतं. उत्तर आलं की मार्चनंतर बघू.

तर ७ मार्च आला आणि गेला.

मी काम थांबवलं नाही याचं कारण नुसती ती चावी नव्हती, हेही स्पष्ट लिहिते. मला काम आवडतं. मला रोज सकाळी इस्त्रीची साडी नेसून बाहेर पडायला आवडतं. घरी बसून छताकडे बघत पोटातल्या हालचाली मोजत बसले असते तर माझा जीव घाबरा झाला असता. काउंटरवर असताना बाळ फिरलं की मी क्षणभर थांबायचे आणि पुन्हा व्हाउचर पुढे ओढायचे. त्या दिवसांत एक गोष्ट रोज बदलत होती. खुर्ची टेबलाला भिडेना. पोट आणि टेबल यांच्यात मला मागे मागे सरकावं लागत होतं, आणि मार्चच्या शेवटी मी हात पुरता लांब करून सह्या करत होते. बँकेत नोंदवलेल्या नमुना सहीशी माझीच सही जुळेना. दुसऱ्या अधिकाऱ्यांनी शेवटी एक लाकडी पाट आणला, लेजरखाली तिरका लावला आणि तो पाट माझ्या मांडीवर आला. त्यावर मी उरलेला मार्च काढला.

निराधार योजनेचे पैसे काढायला येणारी एक आजी होती. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, अंगठ्याची शाई पुसायला पदर पुढे. तिनं मला काचेपलीकडून पाहिलं आणि भर गर्दीत मोठ्यानं म्हणाली, “काब्र व माय, इतला दिन भरनात तरी कामवर येस? घर जाय, पाय लांबा करीसन पडी ऱ्हाय!” सगळी रांग हसली. मग तिनं कनवटीची पिशवी सोडून दोन गाभुळलेल्या चिंचा काचेखालच्या फटीतून आत सरकवल्या. मी त्या तिथंच खाल्ल्या. इतकी आपुलकीची सूचना मला दुसऱ्या कोणीही केली नाही, आणि ती पाळता येत नाही याचं वाईटही इतकं कधी वाटलं नाही.

घरची माणसं आपापल्या परीनं सांगत होती. आई चोपड्याहून रोज फोन करायची. “काय करू राहिली तू तिथं? तुला कोणी मेडल देऊ राहिलं का?” पहिलं बाळंतपण माहेरी आणि सातवा लागला की लेक घरी, ही तिची रीत. त्यात आठव्याची भीती. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. डॉक्टरबाईंनी आईला समोर बसवून सांगितलं की असं काही नसतं, पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाची फुफ्फुसं पक्की करतो, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा जास्तच तयार असतं, आणि ३७ आठवडे भरले की पुढची काळजी बरीच कमी. आईला ते पटलं असावं. तिनं नंतर आठव्याचं नाव काढलं नाही, फोन मात्र दिवसातून दोनदा सुरू केले.

सासूबाई वेगळ्या. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात निंदणी केली. “याच्या वेळी निंदता निंदता कळा आल्या, विळा बांधावर ठेवला आणि घरी आले,” हे त्या माझ्या नवऱ्याबद्दल सांगायच्या. त्यांच्या आवाजात अभिमान नसायचा, तक्रारही नसायची. पण ऐकणारे लगेच माझ्याकडे वळायचे. बघ, आधीच्या बायका कशा काटक होत्या. मला हे तेव्हाही पटत नव्हतं. सासूबाईंना कोणी विचारलं होतं का, की तुला थांबायचंय का? त्यांना घरी बसल्यावर रोज मिळाला असता का? ज्यांना थांबता येत नव्हतं त्यांचं न थांबणं आपण आदर्श म्हणून पुढच्या बाईच्या गळ्यात घालतो. एका दुपारी मी त्यांनाच हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मला बसायला मिळालं असतं तर मी बसली असती. तू बस.” बाकी सगळ्यांचे सल्ले एकीकडे आणि हे दोन शब्द एकीकडे.

आमच्या शाखेत बचत गटाची एक मुलगी यायची, तीही तेव्हा सातव्यात. मातृवंदना योजनेचा हप्ता खात्यात का येत नाही, हे विचारायला. आधार एका खात्याला जोडलेलं, ती विचारत होती दुसऱ्या खात्याचं. ते आम्ही शोधून दिलं. पहिल्या बाळासाठी या योजनेत ५,००० रुपये मिळतात, आणि ती सुरू करताना सरकारनं हेतूच असा लिहिलाय की बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती घेता यावी, बुडालेल्या मजुरीची काही भरपाई व्हावी. तिला विचारलं, रोज किती? निंदणीला अडीचशे. म्हणजे पाच हजार म्हणजे वीस दिवस. सहा महिन्यांची माझी रजा भरपगारी आणि तिची वीस दिवसांची, तीही हप्त्याहप्त्यानं. थंडीत कापूस वेचणीच्या वेळी ती कमरेला ओटी बांधून वावरात होती, पोटाचा घेर जाणवायला लागला तेव्हाही. काचेच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती, दोघींच्या तारखांत जेमतेम काही आठवड्यांचं अंतर. त्या दिवशी माझ्या वजाबाकीची मला लाज वाटली नाही, पण ती वजाबाकी फक्त माझी आहे असंही त्यानंतर वाटलं नाही.

माझी एक मैत्रीण नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे परिचारिका आहे. तिथं आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडून ‘माहेरघर’ असतं. दिवस भरत आले की गरोदर बाईनं आपल्या माणसाला घेऊन तिथं येऊन राहायचं, म्हणजे रात्री-अपरात्री डोंगर उतरून यायची वेळ येत नाही. मैत्रीण सांगते, बायका यायला कां-कूं करतात. घरी गुरं असतात, मोठं पोर असतं, आणि आठ दिवस बसून खायचं तर घरचं कोण बघणार? तिथली बाई आणि बँकेतली मी, दोघींपुढे प्रश्न एकच. थांबायचं कधी, आणि थांबल्यावर मागचं कोण ओढणार.

हा प्रश्न कायद्यापर्यंत पहिल्यांदा पोचला तो गिरणीतल्या बायकांमुळे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाआधी आणि नंतरही विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि म्हणून त्याचा मोठा भार सरकारनं उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. खान्देश तेव्हा त्याच इलाख्यात, आणि अमळनेरला तर प्रताप मिलच्या भोंग्यावर गाव उठायचं. मी रोज ज्या स्टेशनात उतरत होते तिथूनच गिरणीच्या पाळीला जाणाऱ्या बायका कधीकाळी चालत गेल्या असतील. ‘आधी आणि नंतरही’ हे त्या मांडणीतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आज रजा २६ आठवड्यांची झाली, ही मोठीच गोष्ट. पण आधीची विश्रांती आणि नंतरचा सहवास हे दोन वेगळे हक्क असायला हवेत. निदान शेवटचे तीन-चार आठवडे वेगळे मोजा, बाळाच्या वाट्यातून कापू नका. तसं झालं तर आठव्या-नवव्या महिन्यातली कितीतरी अपडाउनं आपोआप थांबतील.

कायद्यात आणखी काही सोयी आहेत. बाळंतपणाच्या तारखेआधी सहा आठवडे, आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात बाईनं विनंती केली तर तिला दमवणारं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देता येत नाही. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर हवं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी. चांगल्या आहेत. पण सहा माणसांच्या शाखेत पाळणाघर कुठून येणार, आणि बाळ जळगावला, मी अमळनेरच्या पुढे, तर दोनदा दूध पाजायला जाऊ कशी? मोठ्या शहरातल्या मोठ्या इमारतीत हा कायदा जसा बसतो तसा अपडाउनवाल्या बाईला बसत नाही. आमच्यासाठी एकच सोय खरी, ती म्हणजे घराजवळच्या शाखेत तात्पुरती बदली. तिचा अर्ज पाचव्या महिन्यातच द्यावा, कारण तो फिरायला तीन महिने लागतात. नवऱ्याबद्दल एवढंच की तो एमआयडीसीत खाजगी कंपनीत आहे आणि तिथं बापाला कायद्यानं एक दिवसही रजा नाही.

३१ मार्चची रात्र नीट पार पडली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चप्पल पायात शिरेनाशी झाली, आणि दुपारी रिक्षातून उतरताना पोट दगडासारखं कडक व्हायला लागलं. थोडं बसलं, पाणी प्यायलं की सैल पडायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, या सरावाच्या कळा, घाबरण्यासारखं नाही, पण शरीर सांगतंय ते ऐका. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर तारखेची वाट न बघता यायचं. त्याच संध्याकाळी मी ठरवलं. कुठल्याही वजाबाकीपेक्षा रिक्षातून उतरताना धरलेला तो दांडा मला जास्त खरा वाटला. १५ एप्रिलपासूनचा अर्ज दिला, तारखेच्या अडीच आठवडे आधीचा. साचलेली पीएल, म्हणजे हक्काची रजा, मागच्या बाजूला जोडून घेतली. चावी दुसऱ्यांच्या नावावर चढली. वरून माणूस तेव्हाही आला नव्हता. मी अर्ज दिल्यावर चार दिवसांत आला, एवढंच नोंदवते.

बाळ येईपर्यंतच्या त्या जेमतेम दोन आठवड्यांनी मला काय दिलं हे सांगितलंच पाहिजे. मी झोपले. दुपारी जाड पडदे ओढून, कूलर लावून, डाव्या कुशीवर तास-तास झोपले. आई चोपड्याहून आली आणि आमच्याच घरात माहेर मांडून बसली. बाळंतविड्याचं निवडत बसली, डिंक, खारीक, मेथी, हळीव. त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी चोपड्याला गेले नाही, झोका नाही, पण सांजोऱ्या घरी झाल्या. बाळ तारखेच्या चार दिवस आधी आलं. मुलगी. ती आली तेव्हा मी थकलेली नव्हते. कळा सोसायला अंगात ताकद होती, आणि पहिल्या आठ रात्री जागायलाही. माझ्या लेकीच्या वाट्यातून ते आठवडे कापले गेले, ते काही प्रमाणात तिला अशा रीतीनं परत मिळाले असं मी मानते.

आता शाखेत एक नवी अधिकारी आली आहे. तिची तारीख सप्टेंबरमधली. तिनं विचारलं, “मॅडम, तुम्ही शेवटपर्यंत केलंत ना? मीपण करीन.” मी तिला सांगितलं, मी शेवटपर्यंत केलं नाही, आणि माझं बघून काही ठरवू नकोस. ती चोपड्याच्या पुढून सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून येते, बस बदलून. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की रस्ता बंद. तिचा रक्तदाबही वरच्या बाजूला असतो. माझ्यासारखी खिडकीची जागा राखणाऱ्या बायका तिच्या बसमध्ये नाहीत. आम्ही दोघींनी कॅलेंडर पुढे घेतलं, तिच्या डॉक्टरांना फोन केला, आणि साहेबांना आधीच कळवलं म्हणजे माणूस वेळेत मागवता येईल. तिनं आठही आठवडे आधी घ्यायचे ठरवले. नंतरचं कमी पडेल त्याचा बंदोबस्त तिची सासू आणि साचलेली रजा करणार.

येत्या सोमवारपासून ती रजेवर जातेय. तिच्याकडच्या कर्जाच्या फाइली मी घेतल्या आहेत, चावीही उद्या माझ्या नावावर चढेल.